फांग-न्गाच्या सागरी गुहांमधून कयाक: तिथी, भरती आणि गाईड बघून आखायची सहल

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत फुकेत-क्राबीला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. मुंबईहून फुकेतला थेट विमान मिळतं, आणि चार-पाच दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस ‘जेम्स बाँड बेट’ असतंच. स्पीडबोट निघते, त्या उभ्या सुळक्यासमोर फोटो होतात, कुठेतरी जेवण होतं आणि संध्याकाळी सगळे परत. त्याच फांग-न्गाच्या उपसागरात, त्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर, बेटांच्या पोटात शिरणाऱ्या गुहा आहेत. त्यांतून कयाकनं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होडीनं, आत गेलं की चारी बाजूंनी उंच कडे असलेलं, वरून उघडं, शांत पाण्याचं आवार लागतं. थायलंडच्या सहलीत एकच गोष्ट मनापासून करायची असेल तर ही करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पण ही सहल कुठल्याही दिवशी, कुठल्याही बोटीनं केली तरी सारखीच होईल असं नाही. गुहेचं तोंड उघडं आहे की बुडालेलं, हे भरती-ओहोटी ठरवते. म्हणून आधी पाणी समजून घ्यायचं, मग तारीख ठरवायची, मग माणसं निवडायची आणि पैसे शेवटी भरायचे. बहुतेक जण हाच क्रम उलटा करतात.

आधी जागा समजून घ्या

फांग-न्गाचा उपसागर फुकेत बेट आणि मुख्य भूमी यांच्या मध्ये आहे. १९८१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचं क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटर. बराचसा भाग पाण्याचा, आणि त्यात उभे चुनखडीचे डोंगर. इथलं कांदळवन इतकं मोठं आणि महत्त्वाचं आहे की २००२ मध्ये या जागेचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला.

हे डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या शिंपल्या-प्रवाळांच्या चुन्याचे. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवत खाली झिरपतं आणि डोंगर आतून पोखरला जातो. काही ठिकाणी पोकळी इतकी मोठी झाली की छतच कोसळलं. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, पाणी बेटांच्या पायथ्याच्या भेगांतून आत शिरलं आणि या बिनछताच्या पोकळ्या समुद्राला जोडल्या गेल्या. स्थानिक लोक अशा जागेला ‘हाँग’, म्हणजे खोली, म्हणतात. बाहेरून जाणाऱ्या बोटीला नुसता सरळसोट कडा दिसतो, आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही.

गुहांच्या सहली मुख्यतः दोन बेटांवर होतात, को पनाक आणि को हाँग. को पनाकच्या काही गुहा लांब आणि काळोख्या आहेत. एका गुहेत वटवाघळांची मोठी वस्ती आहे, दुसरीतून पलीकडे गेलं की खारफुटीनं भरलेलं हाँग लागतं. को हाँगची वाट त्या मानानं मोकळी आणि उजेडाची आहे.

इथे एक घोटाळा टाळा. ‘को हाँग’ नावाची दोन बेटं आहेत. एक फांग-न्गाच्या उपसागरात, दुसरं क्राबीच्या बाजूला, थान बोक खोरानी राष्ट्रीय उद्यानात. क्राबीचं को हाँग सुंदर आहे, तिथे पांढरी वाळू आणि मोठं खाजण आहे, पण तिथली सहल प्रामुख्यानं स्पीडबोट किंवा लाँगटेल बोटीची असते. ‘हाँग आयलंड टूर’ एवढंच वाचून पैसे भरलेत तर गुहा राहतील आणि पोहण्याचा किनारा मिळेल. तुम्हाला कोणतं हवं आहे, ते नाव घेऊन विचारा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. चंद्र सगळीकडे एकच असल्यामुळे फांग-न्गालाही हाच नियम लागू आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुतेकदा एक-दोन दिवस मागाहून, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत हा फरक सर्वांत कमी असतो.

वेळ मात्र आपल्या हिशेबानं काढू नका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, चतुर्थीला साधारण तीन वाजता, हा आपल्याकडचा ढोबळ आडाखा आपल्याच किनाऱ्यापुरता आहे. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे आणि तिथल्या किनाऱ्याची भरतीही वेगळ्या वेळी येते. रॉयल थाई नेव्हीचा जलालेखन विभाग भरतीची कोष्टकं काढतो. त्यांत फुकेतसाठी ‘को तापाव नोई’ हे ठिकाण बघायचं. भरती दाखवणाऱ्या मोबाईल अ‍ॅपमध्येही हे नाव किंवा नुसतं फुकेत सापडतं.

कोष्टकात दिवसाच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि प्रत्येकीची उंची दिलेली असते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. पाणी सहा तासांत एकसारख्या वेगानं चढत नाही, हे इथे फार महत्त्वाचं आहे. दर्यावर्दी लोक एकूण फरकाचे बारा हिस्से करतात: पहिल्या तासाला एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. समजा त्या दिवशीचा फरक २.४ मीटर आहे. मग पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर चढेल, पण तिसऱ्या तासात ६० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला एक सेंटिमीटर. हाँगमध्ये फोटो काढत वीस मिनिटं जास्त थांबलात तर परतताना गुहेच्या छताखालची मोकळी जागा वीस सेंटिमीटरनं कमी झालेली असते. जिथे मुळातच नाक छताला लागेल अशा बेतानं झोपून आत आलो, तिथे वीस सेंटिमीटर म्हणजे वाट बंद. मग आतच थांबायचं, पाणी उतरेपर्यंत. आत उजेड असतो, हवा असते, जिवाला धोका नसतो, पण काही तास बसून राहावं लागतं. म्हणूनच गाईड ‘आता निघायचं’ म्हणाला की त्याच क्षणी निघायचं.

प्रत्येक गुहेची पाण्याची खिडकी वेगळी असते. पाणी फार वर असेल तर छत मिटतं, फार खाली असेल तर आत चिखल आणि खडक उघडे पडतात आणि कयाक तरंगत नाही. उधाणाच्या दिवसांत ही खिडकी लवकर उघडते आणि लवकर मिटते, गुहेतल्या चिंचोळ्या भागात प्रवाहही जोरात असतो. भांगाच्या दिवसांत पाणी सावकाश हलतं, थांबायला वेळ जास्त मिळतो. पण एखाद्या गुहेत पाणी लागेल तेवढं खाली उतरतच नाही आणि ती त्या दिवशी सोडावी लागते.

तेव्हा कोणता दिवस घ्यायचा? बरोबर लहान मुलं असतील किंवा आयुष्यात पहिल्यांदा कयाकमध्ये बसणार असाल, तर मी अष्टमीच्या आसपासचे दिवस घेईन. ज्यांना अरुंद, काळोख्या वाटांची आवड आहे, त्यांनी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस घ्यावा आणि वेळ कंपनीवर सोडावी. विमानाच्या तारखा आधीच ठरल्या असतील तर मुक्कामातल्या चार दिवसांपैकी बरा दिवस निवडण्यापुरतं तरी कोष्टक बघा.

हंगामाचं थोडक्यात: नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा आणि शांत समुद्र. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे. फांग-न्गाच्या उपसागराला फुकेत बेटाचा आडोसा असल्यामुळे पावसाळ्यातही इथल्या सहली बऱ्याच दिवशी निघतात, तर फुकेतच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळच्या उघड्या समुद्रात वादळात सापडून ‘फिनिक्स’ ही पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ माणसं गेली. मे-जूनच्या सुट्टीत जात असाल तर हवामान खात्याचा इशारा असताना कुणी ‘काही होत नाही, चला’ म्हटलं तरी निघू नका. आणि हवेमुळे सहल रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी असावा, म्हणून ती मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

कुणाबरोबर जायचं

फुकेतहून गुहांच्या बहुतेक सहली बेटाच्या ईशान्येच्या आओ पो धक्क्यावरून निघतात. हॉटेलमधून गाडी न्यायला येते, धक्क्यावरून मोठी बोट तुम्हाला बेटांपर्यंत नेते आणि कयाक त्या बोटीवरच असतात. बेटाजवळ बोट थांबते, मग दोन-दोन पाहुणे आणि एक गाईड अशी कयाक पाण्यात उतरते. वल्हं गाईडच्या हातात असतं. हवा भरायची ही रबरी कयाक खडकाला घासली तरी सरकते, आणि छत फार खाली असलं तर गाईड थोडी हवा सोडून तिची उंची कमी करतो. पाहुण्यांनी पाठीवर सपाट झोपायचं.

स्वतः वल्हवायची इच्छा असणाऱ्यांना हे आधी खटकतं. पण या गुहांमध्ये गाईडनंच वल्हवणं योग्य आहे. भिंतींवर कालवांच्या कडा असतात, धारदार. एका चुकीच्या झोक्यानं हात सोलून निघतो. स्वतः वल्हवण्याची हौस को हाँगच्या मोकळ्या पाण्यात भागवता येते. बहुतेक सहलींत दिवसाच्या शेवटी त्यासाठी वेळ राखलेला असतो.

मोठ्या बोटीत शंभर माणसं भरून जाणाऱ्या स्वस्त सहली आहेत, साधारण दोन हजार बातच्या (बात हे थाई चलन) आसपास. लहान गटाच्या, गुहांनाच वेळ देणाऱ्या सहली साडेतीन-चार हजारांच्या घरात जातात. घरातली चार माणसं म्हटली की फरक मोठा होतो, हे मला कळतं. तरीही एखादा दुसरा खर्च कमी करून लहान गटाचीच सहल घ्या. स्वस्त सहलीत जेम्स बाँड बेट, को पान्यी गाव, किनारा, कयाक असं सगळं एका दिवसात कोंबलेलं असतं. मग प्रत्येक ठिकाणी घड्याळाप्रमाणे पोहोचायचं, भरतीप्रमाणे नव्हे. गुहेसमोर कयाकची रांग लागलेली असते आणि आत दहा मिनिटं मिळतात.

पैसे भरण्याआधी हे विचारा:

- आमच्या तारखेला कोणत्या बेटांच्या, किती गुहा पाण्याच्या पातळीनुसार शक्य आहेत? याचं उत्तर तारीख न विचारताच ‘सगळ्या’ असं आलं, तर दुसरीकडे बघा. चांगला माणूस आधी तारीख विचारतो.
- बोटीत एकूण पाहुणे किती आणि एका गाईडकडे किती?
- लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? मुलाचं वजन सांगा.
- राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दरात धरलं आहे का? परदेशी पाहुण्यांसाठी ते वेगळं आणि जास्त असतं.
- हवा बिघडून सहल रद्द झाली तर पैसे परत की तारीख बदलून?

प्रवास विम्याचा कागदही एकदा वाचा. कित्येक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी जादा हप्ता लागतो. कयाकिंगचा उल्लेख कुठे आहे ते विमा घेतानाच शोधा.

पोहता येत नाही, मग?

हा प्रश्न आपल्याकडून सर्वांत जास्त येतो, विशेषतः आई-बाबांच्या वयाच्या मंडळींकडून. गाईडनं वल्हवलेल्या कयाकमध्ये बसायला पोहता येणं गरजेचं नाही. गरज आहे ती तीन गोष्टींची: जमिनीलगत बसता आणि पाठीवर झोपता येणं, हलत्या बोटीवरून खाली कयाकमध्ये हात धरून उतरता येणं, आणि बंद काळोख सहन होणं. गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर ते उतरणं-चढणंच कठीण जातं. बंद जागेची भीती असलेल्यांना जबरदस्तीनं नेऊ नका. त्यांच्यासाठी को हाँगची उजेडाची वाट पुरेशी आहे, आणि मोठ्या बोटीवर बसून राहणंही वाईट नाही. गरोदरपणात हे टाळावं.

लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकानं, पट्टीच्या पोहणाऱ्यानंही, पूर्ण वेळ घालायचं. ते बरोबर बसलं आहे का हे असं तपासा: सगळे पट्टे आवळा, मग कुणालातरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायला हवा, नाहीतर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घालणं अजिबात चालायचं नाही.

सामान

लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट, गुडघ्याखाली येणारी पँट, आणि पायात मागून बंद असलेले पाण्यातले बूट. चप्पल नको, कारण कालवं आणि खडक तळव्याला कापतात. जीन्स आणि सुती कुर्ते भिजले की जड होतात आणि दिवसभर ओले राहतात. साडी किंवा ओढणी कयाकमध्ये नकोच, अडकते. टोपीला हनुवटीखालची दोरी आणि चष्म्याला मागून पट्टा हवा.

सनस्क्रीन विकत घेताना मागचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्यूटिलपॅराबेन असलेली सनस्क्रीन थायलंडनं २०२१ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत बंद केली आहेत, दंड एक लाख बातपर्यंत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच नेहमीच्या ट्यूबांत यातला एखादा घटक सापडतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, किंवा सरळ लांब बाह्यांवर भर द्या.

डोक्याला बांधायचा दिवा असेल तर न्या, हात मोकळे राहतात. फोनसाठी गळ्यात अडकवायची पाणीरोधक पिशवी आणि बाकीसाठी छोटी ड्राय बॅग. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. ओआरएसची दोन पाकिटं जवळ असू द्या. तिथल्या दमट उन्हात घाम किती गेला हे पाण्यावर असताना कळत नाही.

शाकाहारींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. थाई स्वयंपाकात भाजीतही मासळीचा सॉस पडतो, आणि ‘व्हेज’ म्हटल्यावर काही ठिकाणी फक्त मांसाचे तुकडे काढून देतात. ‘जे’ हा शब्द वापरा. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. फुकेतमध्ये दर वर्षी याच जेवणाचा मोठा उत्सव होतो, त्यामुळे तिथे हा शब्द सगळ्यांना कळतो. बोटीवरच्या जेवणासाठी हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. खोकं उघडल्यावर सांगून उपयोग नाही, कारण बोटीवर दुसरं काही शिजवायला नसतं.

गुहेत शिरताना

कयाकमध्ये उतरताना मध्यभागी पाय ठेवा, लगेच बसा. उभं राहून तोल सावरायला जाऊ नका. जड माणूस कुठे बसेल हे गाईडला ठरवू द्या.

गुहेच्या तोंडाशी गाईड थांबतो आणि पाणी बघतो. त्याला त्या वेळी प्रश्न विचारू नका. आत शिरताना हात, कोपरं, बोटं कयाकच्या आत. भिंतीला हात लावून कयाक ढकलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि कालवांनी कापलेली बहुतेक बोटं त्या मोहातूनच येतात. ‘झोपा’ म्हटल्यावर खरंच झोपायचं. मान उचलून पुढे बघायचं नाही. छत नाकाच्या वर अगदी वीतभरावरून सरकताना छातीत धस्स होतं. अशा वेळी डोळे मिटून सावकाश श्वास घ्या, तो चिंचोळा भाग लहानच असतो.

वटवाघळांच्या गुहेत वास उग्र असतो. बोलू नका, दिव्याचा झोत सरळ त्यांच्यावर धरू नका, फ्लॅश तर नाहीच. ती दिवसा झोपलेली असतात, एकाच वेळी उडाली की त्यांची पिल्लं खाली पाण्यात पडू शकतात. वर बघताना तोंड मिटलेलं बरं. छताला लटकलेल्या लवणस्तंभांना हात लावायचा नाही. हाताचं तेल लागलं की त्यावर चुना साचणं थांबतं.

काही गुहांच्या तोंडाशी बांबूच्या उंच शिड्या, दोर आणि पहारेकऱ्यांची झोपडी दिसेल. ती पाकोळ्यांच्या खाण्याजोग्या घरट्यांची ठिकाणं आहेत, सरकारी ठेक्यावर दिलेली. तिथे उतरायचं किंवा शिरायचं नाही, गाईडलाही तशी मुभा नसते.

हाँगच्या आत

गुहेतून बाहेर आलात की आधी काही वेळ फोन खिशातच ठेवा. कडे शंभर-शंभर मीटर वर गेलेले असतात, आवाज घुमतो, आणि एका कयाकमधली मोठ्यानं बोलणारी दोन माणसं सगळ्यांचा आनंद घालवतात. गप्प बसलं की प्राणी दिसायला लागतात. खारफुटीच्या मुळांवर निवट्या उड्या मारत असतात, आपल्या खाडीच्या चिखलात दिसतात तशाच. कडेच्या फांद्यांवरून खेकडे खाणारी माकडं खाली येतात. वर ब्राह्मणी घार किंवा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड फिरताना दिसतो, कोकणच्या किनाऱ्यावरचेच हे दोन्ही पक्षी. कधी धनेशही दिसतो.

माकडांना काही देऊ नका. खाणं मिळतं हे कळलं की ती कयाकवर उड्या मारतात, पिशवी ओढतात आणि चावतात. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रेबीजच्या लशीसाठी. मुलांच्या हातात उघडी बिस्किटं असतील तर ती गुहेच्या बाहेरच पिशवीत टाका.

आपल्या कोकणातल्या माणसानं इथे भिंतींकडे नीट बघावं. पाण्याच्या रेषेपाशी कडा आत कोरलेला दिसतो, आणि त्याखाली कालवांचा पट्टा जिथे संपतो तिथून त्या हाँगमध्ये पाणी साधारण किती वर चढतं हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतं. आत शिरताना तो पट्टा किती उघडा होता आणि निघताना किती उरला, एवढं पाहिलंत तरी कोष्टकातले आकडे समोर उभे राहतात.

कयाक उलटली तर

रबरी, रुंद कयाक शांत पाण्यात सहसा उलटत नाही. उलटलीच तर जॅकेट तुम्हाला वर ठेवतं. पहिलं काम कयाकला धरायचं, आणि हातात वल्हं असेल तर तेही सोडायचं नाही. पाय खाली सोडून जमीन शोधू नका, पाय वर, पुढच्या दिशेला ठेवा, म्हणजे खडकाला बूट आधी लागतील. गाईड कयाक सरळ करतो. मग तिच्या मधोमध दोन्ही हात टेकून, पायांनी पाणी मारत, पोटावर आडवं चढायचं, नंतर उताणं व्हायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. आधी बसायला गेलात तर ती पुन्हा उलटेल. गुहेच्या आत पाण्यात पडलात तर चढायची घाई करू नका, कयाक धरून राहा. गाईड आधी उजेडात आणतो.

पोहायला थांबल्यावर अंगाला झणझणीत चटका बसला तर जेलीफिश समजा. त्या जागी चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, व्हिनेगर ओता. चांगल्या बोटीवर व्हिनेगरची बाटली असते.

संध्याकाळची सहल

काही कंपन्या दुपारी निघून अंधार पडल्यावर परतणारी सहल नेतात. दुपारनंतर गर्दीच्या बोटी परत गेलेल्या असतात. अंधारात वल्हं पाण्यात फिरवलं की सूक्ष्म जीवांमुळे निळसर चमक उठते. ती अमावास्येच्या आसपास ठळक दिसते. पौर्णिमेला उघड्यावर ती फिकी पडते, गुहेच्या काळोखात मात्र दिसते.

थाई लोकांचा लॉय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडण्याचा सण त्यांच्या बाराव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो, आणि ती बहुधा आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. या सहलींत केळीच्या खोडाची, पानाफुलांची क्राथोंग स्वतः करून पाण्यात सोडायला शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांनी ही तारीख जरूर बघावी, फक्त ते उधाणाचे दिवस असतात, तेव्हा गुहांचा क्रम पाण्याप्रमाणे बदलेल हे धरून चाला. सोडलेली क्राथोंग परत उचलून आणणारी कंपनी असेल तर तीच निवडा.

स्वतः वल्हवायचं असेल तर क्राबी

त्यासाठी क्राबी प्रांतातली दोन ठिकाणं चांगली आहेत. आओ थालेनला कांदळवन आणि चुनखडीच्या अरुंद घळी आहेत. तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणून पाणी मध्यावर किंवा वर असतानाची वेळ लागते. दुसरं आओ लुएक तालुक्यातलं बो थो. तिथे थाम लोद या गुहेतून कयाक आरपार जाते आणि जवळच्या थाम फी हुआ तो या गुहेत प्रागैतिहासिक माणसांनी रंगवलेली चित्रं आहेत, दोनशेच्या वर. इथेही गाईड बरोबर घ्याच.

जाण्याआधी एक-दोन सकाळी सराव करून जा. तारकर्ली-देवबागची खाडी, गोव्यातली कांदळवनं, पुणेकरांना पवना किंवा मुळशीचं धरण. शिकायचं एवढंच: वल्हं खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतरावर धरणं, नुसत्या हातांनी न ओढता कमरेतून वळून ओढणं, मागे वल्हवून थांबणं, आणि लांब अर्धगोल फटक्यानं वळणं. यातलं थांबणं सर्वांत महत्त्वाचं, कारण गुहेत पुढची कयाक अचानक थांबते. गुहेच्या तोंडाशी एक-एक करूनच शिरायचं, पुढची कयाक आतल्या उजेडात गेल्याशिवाय मागच्यानं निघायचं नाही, आणि अरुंद जागेत वल्हं आडवं न धरता कयाकच्या लांबीला समांतर ठेवायचं.

परत आल्यावर गाईडला बक्षिसी द्या. शंभर-दोनशे बात प्रत्येक कयाकमागे रीतीला धरून आहेत, आणि त्या माणसानं दिवसभर तुमचं वजन वल्हवलेलं असतं. हॉटेलवर पोहोचलात की हातापायांवर कालवाचा कापा आहे का बघा. तो बारीक दिसला तरी आत कवचाचे कण राहतात. स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं नीट घासून धुवा, जंतुनाशक लावा, आणि दुसऱ्या दिवशी लाली पसरली किंवा ठणका वाढला तर औषधाच्या दुकानावर न थांबता दवाखान्यात जा. मधुमेह असलेल्यांनी दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नये.